भंडारदऱ्याची शांतता आणि टेलचं पाणी

ऑफिसात माझी ओळख 'शांत जागा माहीत असलेला माणूस' अशी आहे. साधारण मार्च उजाडला की कुणी ना कुणी कॉफी मशीनपाशी गाठून विचारतं, "अरे, भंडारदऱ्याला जायचंय, पण ते शंभर तंबू, स्पीकर आणि बार्बेक्यू नको. जिथं रेंज नाही, लाइट नाही, माणूस नाही अशी एखादी जागा सांग ना." मी सांगतोही. गेली बारा-तेरा वर्षं विकांताला पाठीवर तंबू टाकून त्या तळ्याभोवती फिरतोय. वहीत सात जागांची यादी आहे. कुठून वळायचं, तंबूचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं, सकाळचं ऊन किती वाजता येतं, सगळं लिहून ठेवलंय. (इंजिनिअर माणूस. यादी केल्याशिवाय आनंदसुद्धा होत नाही.)

तर मंडळी, ती यादी इथे टाकायचं कधीचं डोक्यात होतं. या शनिवारी लिहायला बसलो आणि लक्षात आलं की प्रत्येक जागेपुढे 'इथे कुणी नसतं' असं लिहिताना हात अडखळतोय. कारण तिथे कुणीतरी होतं. शिवाय ते पाणी कुणाकडे तरी जायला निघालेलं आहे, आणि त्या 'कुणाकडे'मध्ये माझं गावही येतं. म्हणून यादी बाजूला ठेवली आणि हे लिहायला घेतलं.

आधी माझ्या गावाबद्दल. मी कुंभार पिंपळगावचा. जालना जिल्हा, घनसावंगी तालुका. पुण्यात हे सांगितलं की लोक "अच्छा" म्हणून विषय बदलतात. जवळच जांब समर्थ म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मगाव आहे असं सांगितलं की जरा ओळख पटते. १६०८ साली जन्मलेला तो माणूस घर सोडून निघाला, नाशिकजवळ टाकळीला राहिला, पुढे शिवथरच्या घळीत जाऊन बसला. म्हणजे शांत जागा हुडकायची परंपरा आमच्या पंचक्रोशीतलीच म्हणायची. मी ती फक्त तंबू घेऊन चालवतोय, एवढंच! :-)

आमच्याकडे डोंगर नाही. नजर जाईल तिथवर काळी जमीन, ऊस, कापूस, मोसंबी आणि तालुक्यातून जाणारा पैठणचा डावा कालवा. लहानपणी 'पाणी' म्हणजे कालव्याचं पाणी. ते कधी येणार, किती दिवस राहणार आणि आमच्यापर्यंत पोचणार का, हे तीनच प्रश्न. आमचं शेत चारीच्या शेवटी. त्याला सगळे 'टेल' म्हणतात. म्हातारी माणसंही टेलच म्हणतात, दुसरा शब्द कुणी वापरत नाही. टेलचा शेतकरी म्हणजे रांगेतला शेवटचा माणूस. वरच्यांचं भरून झालं आणि पाणी उरलं, तर त्याची पाळी.

अशा गावातून पुण्यात आलेल्या पोराने भंडारदरा पहिल्यांदा पाहिला तेव्हा काय झालं असेल याचा अंदाज करा. सप्टेंबरातली सकाळ, तिन्ही बाजूंनी सह्याद्री, समोर रतनगडाचं नेढं ढगात, आणि खाली काठोकाठ पाणी. आमच्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक 'यंदा बरं झालं' म्हणतात. इथे घाटघर-रतनवाडीकडे चांगल्या वर्षी पाच हजारांच्या घरात पडतो. मी अर्धा तास नुसता काठावर बसून होतो. बरोबरचे फोटो काढत होते आणि माझ्या मनात एकच, हे एवढं पाणी कुणाचं?

त्या प्रश्नाचं उत्तर मिळायला बरीच वर्षं गेली. तोवर मी शांत जागा शोधत राहिलो.

शोधायची माझी पद्धत साधी होती. शेंडी हे धरणाशेजारचं गाव. हॉटेलं, होड्या, सगळी गर्दी तिथे. तिथून तळ्याला वळसा घालणारा रस्ता आहे. उत्तरेच्या बाजूला मुरशेत, पांजरे, उडदावणे, मग घाटघर. तिथून साम्रद आणि दक्षिणेकडे रतनवाडी करून परत शेंडी. गाड्या जिथे थांबतात तिथून अर्धा तास चाललं की नव्वद टक्के गर्दी गळते. उरलेली दहा टक्के वार बदलला की गळते. गुरुवारी रात्री भंडारदऱ्याला जो काजवा दिसतो तो शनिवारी दिसणारच नाही. मे अखेर ते जून सुरुवातीला हिरडा-बेहड्याच्या झाडांवर काजव्यांचा जो उत्सव चालतो तो पाहायला इतक्या गाड्या येतात, की हेडलाइटमुळे काजवेच दिसेनासे होतात.

दुसरी युक्ती पाण्याच्या पातळीची. तळं साधारण पंधरा ऑगस्टच्या सुमारास भरतं, आणि मग आवर्तनं सुटत जातात तसं उतरत जातं. एप्रिल-मेमध्ये पाणी बरंच खाली जातं आणि एरवी बुडालेला सपाट काठ उघडा पडतो. तिकडे कुणी फिरकत नाही, कारण फोटोत चांगला येत नाही. मला वाटलं, सापडली आपली जागा!

अशाच एका एप्रिलमध्ये, पांजऱ्याच्या बाजूला, मी त्या उघड्या काठावर तंबू लावला. खुंटी ठोकायला दगड शोधत होतो. पाहतो तर दगड आपोआप पडलेले वाटेनात. एका ओळीत होते. पुढे दुसरी ओळ, तिच्या खालच्या टप्प्यावर तिसरी. गुरं हाकत एक म्हातारेबाबा चालले होते. त्यांना विचारलं, "बाबा, हे काय आहे?"

ते थांबले. "बांध हाये."

"कसला?"

"भाताचा. आमच्या आज्याची खाचरं व्हती हितं." मग माझ्या तंबूकडे काठी दाखवून म्हणाले, "तुम्ही झोपलाय ना, त्या आवणात झोपलाय."

एवढं बोलून ते गुरांमागे गेले. तक्रार नव्हती आवाजात. पत्ता सांगावा तसं सांगितलं. मी त्या रात्री झोपलो खरा, पण माझ्या यादीतल्या त्या जागेपुढे 'निर्मनुष्य' असं लिहिलेलं होतं ते घरी आल्यावर खोडलं.

मग वाचायला लागलो. थोडक्यात सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दख्खनमध्ये लागोपाठ मोठे दुष्काळ पडले. त्यानंतर १९०१ ते १९०३ या काळात ब्रिटिश सरकारने सिंचन आयोग नेमला आणि सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारं पाणी अडवून पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांत न्यायचं, या विचाराने धरणांची रांगच उभी राहिली. नाशिक जिल्ह्यातलं दारणा १९१६ चं. भंडारदऱ्याचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ रोजी त्याचं उद्घाटन झालं. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला मिळालं, आणि मागच्या तलावाला आर्थर हिल या अभियंत्याचं. म्हणून विल्सन डॅम आणि आर्थर लेक. दगडी बांधकाम, उंची सुमारे ८२ मीटर, त्या काळातल्या देशातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक. पोटात पाणी ११ टीएमसी. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३१ कोटी.)

म्हणजे आपण ज्याला 'निसर्गरम्य तलाव' म्हणतो, तो माझ्या आजोबांच्या वयाचा आहे. त्याआधी तिथे प्रवरा नदी होती, दोन्ही काठांवर भाताची खाचरं होती, आणि ती कसणारे महादेव कोळी आणि ठाकर होते. रतनवाडीचं अमृतेश्वराचं कोरीव मंदिर मात्र धरणाच्या कितीतरी शतकं आधीपासून तिथे आहे. इतकं देखणं देऊळ कुणी ओसाड रानात बांधत नाही. त्या खोऱ्यात वस्ती होती, वाटा होत्या, घाट उतरून कोकणात जाणारी ये-जा होती. आज जी 'निर्जन' वाटते ती जागा शंभर वर्षांपूर्वी वहिवाटीतली होती.

आणि 'ऑफ-ग्रिड' राहणारेही या डोंगरात आपल्या आधी होऊन गेलेत. राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. सावकारांनी कर्जापायी जमिनी गिळल्या, कंपनी सरकारचा कायदा सावकाराच्या बाजूने उभा राहिला, तेव्हा १८४० च्या दशकात राघोजींनी बंड केलं. हे सगळे कडे, घळी, गुहा त्यांच्या लोकांना तळहातासारख्या माहीत. सरकारी फौजेला ते या डोंगरांत काही सापडले नाहीत. सापडले ते डोंगर सोडून पंढरपूरला गेल्यावर, १८४८ च्या जानेवारीत. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली.

मी रतनगडावरच्या गुहेत दोन-तीनदा मुक्काम केलाय. मॅगी केली, तारे पाहिले, 'काय शांतता आहे यार' असं म्हणालो. आता तिथे बसलं की वाटतं, आपण शुक्रवारी स्वतःहून रेंजबाहेर जातो आणि रविवारी संध्याकाळी परत येतो. ज्यांना परत येण्याची सोय नव्हती त्यांना ही शांतता कशी वाटली असेल? पानाचा आवाज झाला तरी उठून बसावं लागत असेल.

'ऑफ-ग्रिड' या शब्दाची आणखी एक गंमत. तुम्ही घाटघरच्या बाजूला बॅटरी विझवून 'वीज नसलेल्या जगात आलो' म्हणून सुस्कारा टाकता, तेव्हा तुमच्या पायाखाली राज्याच्या ग्रिडचा एक कळीचा भाग चालू असतो. तिथला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. रात्री मागणी कमी असते तेव्हा कोकणातल्या खालच्या तलावातून पाणी पंपाने वर चढवायचं आणि मागणी वाढली की चारशे मीटरहून जास्त उंचीवरून परत खाली सोडून वीज करायची. आपण ज्याला लोड बॅलन्सिंग म्हणतो, तेच. डोंगराच्या पोटात एक मोठी बॅटरी आहे, आणि तिच्या डोक्यावर बसून आपण पॉवर बँक विसरलो म्हणून हळहळतो!

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. हे पाणी कुणाचं?

भंडारदऱ्यातून सुटलेलं पाणी रंधा धबधब्यावरून खाली निळवंडे धरणात जातं, तिथून पुढे संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यातून प्रवरेच्या दोन कालव्यांना. या कालव्यांनी श्रीरामपूर-राहुरी-राहात्याचा भाग बदलून टाकला. १९२० च्या दशकात तिथे बेलापूर कंपनीचा खाजगी साखर कारखाना आला आणि १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम झाला. महाराष्ट्राच्या सहकाराचं, आणि बऱ्याच अंशी राजकारणाचंही, पाणी भंडारदऱ्याचं आहे असं म्हटलं तर फार चुकणार नाही. त्यातून जे उरतं ते घेऊन प्रवरा नेवाशावरून जाते, जिथे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि टोक्याला प्रवरासंगमापाशी गोदावरीला मिळते. हा संगम आता पैठणच्या नाथसागराच्या फुगवट्यात आहे. म्हणजे जायकवाडी. आणि जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा संभाजीनगर, जालना, परभणी असा जातो. त्याच्या एका चारीच्या टेलला आमचं शेत.

हा नकाशा जोडायला मला वयाची तिशी उलटावी लागली, हे कबूल करायला लाज वाटते. सात-आठ वर्षं मी ज्या पाण्याकाठी 'सगळ्यापासून लांब' म्हणून जात होतो, ते पाणी माझ्या घरीच निघालेलं होतं.

पण ते सरळ पोचत नाही, आणि त्यालाही इतिहास आहे. १९२६ मध्ये भंडारदरा मुंबई इलाख्यात होतं आणि कुंभार पिंपळगाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात. नदी एक, राज्यकर्ते दोन. वरच्याने धरण बांधताना खालच्या रयतेला विचारायचा प्रश्नच आला नाही. हैदराबाद राज्यात गोदावरीवर धरण बांधायचा बेत होता तो बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, धरणाची जागा वर पैठणला सरकली, नाव मात्र जायकवाडीच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. एकूण साठा शंभर टीएमसीच्या वर. त्यासाठी शंभराहून जास्त गावं उठली, आणि ती आमच्याच लोकांची होती. टेलवाल्याने फक्त सोसलंच असं नाही, टेलसाठीही कुणीतरी घर सोडलंय.

पुढे १९८० मध्ये गोदावरी लवादाचा निवाडा आला. त्यानुसार पैठणपर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्राने वापरायचं. राज्याराज्यांतलं भांडण मिटलं आणि घरातलं सुरू झालं. कारण पैठणच्या वर नाशिक-नगर, खाली मराठवाडा, आणि वर एकेक नवं धरण होत गेलं तसं नाथसागरात पोचणारं पाणी आटत गेलं.

आकडे रुक्ष असतात, म्हणून माझ्या घरचं सांगतो. २०१२ च्या पावसाळ्यात जायकवाडी जवळजवळ रिकामंच राहिलं. आमची मोसंबीची दोनशे झाडं होती, अण्णांनी म्हणजे वडिलांनी माझ्या जन्माच्या वर्षी लावायला घेतलेली. आधी विहीर आटली, मग बोअर. कालव्याला पाणी नाही. टँकर विकत घेऊन त्यांनी दोन महिने बाग जगवली. अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात त्या वर्षी कित्येकांनी बागा तोडल्या. आमची बाग २०१३ च्या एप्रिलमध्ये तोडली. मी तेव्हा पुण्यात होतो. अण्णांनी फोनवर फक्त एवढंच सांगितलं, "सरपण लई झालंय. आईला आता वर्षभर चिंता नाही."

त्याच एप्रिलमधल्या एका विकांताला मी भंडारदऱ्याला होतो. काठावर तंबू लावून.

पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद खरं तर २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात होती. खोऱ्यात टंचाई आली तर ती वरच्या-खालच्या सगळ्या धरणांनी वाटून घ्यायची, असा तिचा अर्थ. ते कसं मोजायचं हे ठरवायला मेंढेगिरी अभ्यासगट नेमला, त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. त्यावरून प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला : १५ ऑक्टोबरला जायकवाडीतला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरून ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पाणी सोडायचं. वरचे न्यायालयात गेले, खालचेही गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. तरी दर दुष्काळी वर्षी मोर्चे, रास्ता रोको, याचिका ठरलेल्या. २०१५, २०१८, आणि मग २०२३.

२०२३ ची गोष्ट मी जवळून पाहिली. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा साठा निम्म्याच्याही खाली होता. महिनाअखेर आदेश निघाला, ८.६०३ टीएमसी सोडायचं; त्यात प्रवरा समूहातून, म्हणजे भंडारदरा-निळवंडे वगैरे धरणांतून, ३.३६ टीएमसी. लिटरमध्ये साडेनऊ हजार कोटी. दिवाळी गेली तरी पाणी सुटेना. त्या दिवाळीनंतरच्या शुक्रवारी मी नेहमीप्रमाणे तळ्यावर होतो. संध्याकाळचा एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, गुलाबी आकाश आणि आरशासारखं पाणी. आईने अंगठा दाखवला. अण्णांचा फोन आला.

"तिथंच हाईस का?"

"हो अण्णा."

"पुरं भरलेलं दिसायलंय की रे. भिंतीकडं जाऊन बघ बरं, गेट उघडलेत का?"

मला तो फोटो सुंदर वाटला होता. अण्णांनी तो पातळी मोजायला वापरला. त्याच चित्रात मला शांतता दिसली आणि त्यांना अडवून धरलेलं पाणी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकदाचं पाणी सुटलं. वाटेत नदीच्या कोरड्या वाळूने तिचा वाटा घेतला, पण पैठणला पोचलं.

अर्थात वरचे लोक खलनायक आहेत असं मला म्हणायचं नाही. त्या ३.३६ टीएमसीत राहात्याच्या एखाद्या डाळिंबवाल्याची बाग गेली असेल, आणि त्यानेही सरपणाचाच विनोद केला असेल. आणि या दोघांच्याही वर, ज्यांच्या आवणात मी तंबू लावला, ते पांजरे-साम्रदचे लोक. पाच हजार मिलिमीटर पाऊस त्यांच्या कौलांवर पडतो आणि उन्हाळ्यात त्या डोंगरातल्या कित्येक वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन मैलभर चालतात. जमीन त्यांची गेली, पाणी श्रीरामपूरला गेलं, भांडण आमचं झालं, आणि शांतता आम्हा विकांतवाल्यांना मिळाली.

हे फक्त आपल्याकडचं नाही. २००८ मध्ये कंपनीने मला नऊ महिने कॅलिफोर्नियाला पाठवलं होतं, माउंटन व्ह्यूला. नळाचं पाणी थेट प्यायचं, याचंच कौतुक. मग कळलं की ते योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या हेच हेची नावाच्या दरीतून, अडीचशेहून जास्त किलोमीटरवरून येतं. १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोला पाणी हवं होतं. जॉन म्यूर हा निसर्गवेडा माणूस त्या दरीसाठी शेवटपर्यंत भांडला, पण १९१३ मध्ये कायदा झाला आणि १९२३ मध्ये धरण पुरं झालं. भंडारदऱ्याच्या आधी फक्त तीन वर्षं! म्यूरचं भांडण आजही पर्यावरणवाल्यांना पाठ आहे. त्याच्याही आधी त्या दरीत राहणारे मिवोक आणि पायूट लोक मात्र त्या गोष्टीत शेवटच्या ओळीत येतात. मी तिकडेही तंबू घेऊन गेलो होतो. परवाना लागतो, तळ्यात पोहायला मनाई आहे. का, तर ते कुणाचं तरी प्यायचं पाणी आहे. तेव्हा मला तो नियम जाचक वाटला होता.

२०२४ चा पावसाळा चांगला झाला. जायकवाडी भरलं, भंडारदरा भरलं, कुणाचंच भांडण नव्हतं. ऑक्टोबरमध्ये अण्णांना पुण्याला आणलं होतं, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. महिनाभराने डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा म्हटलं, चला, तुम्हाला एक जागा दाखवतो. तंबू वगैरे नाही, पांजऱ्यात एका घरी उतरलो. ते गुरांवाले बाबा त्याच वाडीतले निघाले. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसले. मला वाटलं आता काहीतरी मोठं संभाषण होईल. पण त्यांनी तासभर बैलांच्या किमती काढल्या.

उठता उठता अण्णांनी विचारलं, "हितनं पैठणला पाणी जायला किती दिस लागत असतेन हो?"

बाबा म्हणाले, "काय म्हाईत पाव्हणं. हितून गेलेलं दिसतं. पोचलेलं आम्ही कव्हा बगितलं?"

"पोचतंय," अण्णा म्हणाले. "थोडं थोडं पोचतंय."

सकाळी निघायच्या आधी अण्णा एकटेच काठावर गेले आणि चप्पल काढून घोटाभर पाण्यात उभे राहिले. मी फोटो काढला नाही.

असो. यादी मागणाऱ्यांना आता मी काय सांगतो ते लिहितो आणि थांबतो. जागेचा नेमका ठिपका देत नाही, कारण ठिपका दिला की दोन विकांतांत तिथे स्पीकर येतो. पद्धत सांगतो. शेंडी सोडून पुढे जा. आठवड्याच्या मधला वार काढा, एक सुट्टी गेली तर जाऊ दे. तळ्याभोवतीचा बराचसा भाग १९८६ मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा वनखात्याची परवानगी घ्या आणि रानात चूल पेटवू नका. परवानगी असली तरी गावात आधी विचारा. 'ही जमीन कुणाची' एवढा एक प्रश्न. विचारलं की बहुतेक वेळा जागा मिळते, वर नाचणीची भाकरीही मिळते, तिचे पैसे न मागता द्या. पाण्यात साबण, भांडी, उष्टं काही धुऊ नका. खाली लोक पितात, आणि त्यात माझी आई आहे.

आणि एप्रिलमध्ये उघड्या काठावर गेलात तर खुंटी ठोकायला दगड उचलण्याआधी जरा खाली बघा. ते ओळीत असतील तर जिथे आहेत तिथेच राहू द्या.

पुढच्या विकांताला भेटूच. तोवर लेखनसीमा.